बंद खोलीतला कूलर

तापीकाठ, भुसावळ : वर एका सदस्याने सल्ला दिला आहे, की कूलर लावताना दारे-खिडक्या घट्ट बंद ठेवाव्यात, म्हणजे गारवा वाया जात नाही. भुसावळच्या मे महिन्यात हा सल्ला मानणारा माणूस वाफवून निघेल, म्हणून सविस्तर लिहितो. कूलर हवेतील उष्णता पाण्याच्या वाफेत घालतो, लिटरमागे सुमारे 2400 किलोज्यूल, आणि ती वाफ खोलीबाहेर पडली तरच व्यवहार पुरा होतो. 42 अंशांची, 15 टक्के आर्द्रतेची हवा ओल्या गवतातून गेली, तर फार तर 22 अंशांपर्यंत उतरते. दहा बाय बारा फुटांच्या बंद खोलीतील हवा मात्र जेमतेम एक तृतीयांश लिटर पाणी पिऊन तृप्त होते. त्यानंतर भिंती, छत, माणसे आणि कूलरची मोटर उष्णता देतच राहतात.

जळगावकर : सल्ला माझाच होता. आमच्याकडे वर्षानुवर्षे कूलर असाच चालतो आणि पहाटे मुले पांघरूण ओढतात. पुस्तकातली विलग प्रणाली, म्हणजे बाहेरशी काहीच देवाणघेवाण नसलेली खोली, तुम्हालाच लखलाभ. आमच्या दारांना फटी आहेत.

तापीकाठ : म्हणजे तुमची खोली बंद नाहीच! त्या फटींचे आभार माना.

केळीबाग, रावेर : बंद खोलीचा विषय निघालाच आहे, तर केळी पिकवण्याच्या चेंबरबद्दल बोलणे भाग आहे. घड कापला तरी केळी श्वसन करतच राहते. प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व उष्णता सोडते. इथिलीन हा फळ पिकवणारा वायू दिल्यावर चेंबर काही काळ बंद ठेवतात हे खरे, पण पुढे हवा बदलली नाही, तर साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे इथिलीनचा परिणाम मंदावतो. एका व्यापाऱ्याने नेमके हेच केले, माल हिरवट राहिला, आणि भाव मात्र माझ्या कापणीला दोष देऊन पाडला.

जळगावकर : विषय कूलरचा आहे, तुमच्या व्यापाऱ्याचा नव्हे.

केळीबाग : विषय तोच आहे. चेंबरमधील शीतयंत्र उष्णता भिंतीपलीकडे टाकते, म्हणून दार लावूनही आत थंड राहते, एसीचेही तसेच. कूलरजवळ बाहेर टाकायला वाफेखेरीज काही नाही, आणि तुम्ही तिचीच वाट अडवून बसला आहात. एसीचा नियम कूलरला लावणाऱ्यांना समजावता समजावता माझा हंगाम संपेल.

पांझराकाठ, धुळे : नळाला दिवसाआड पाणी येते आणि तुम्ही ते वाफ करून खिडकीबाहेर सोडायला सांगता! हे पाणी भरणाऱ्या बायकांना विचारले आहे का?

तापीकाठ : प्रश्न रास्त आहे. खोली बंद ठेवली तर पाणी जरूर वाचते, कारण कूलर तेव्हा आपले कामच करत नाही. पाणीच वाचवायचे असेल, तर नुसता पंखा लावावा.

जळगावकर : ठीक आहे, आपण थोर शास्त्रज्ञ आहात. आज समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवतो. डास आत आले, तर ते आपल्या पत्त्यावर पाठवीन.

तापीकाठ : खिडकीला जाळी लावा, आणि कूलर खोलीच्या मध्यभागी असेल, तर तो आधी दुसऱ्या खिडकीबाहेर बसवा.