टोमॅटोची शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या: खत कमी पडलं की जास्त झालं?

चार कुंड्यांत टोमॅटो आहेत, प्रत्येक कुंडी वीसेक लिटरची. माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या प्रमाणात, वर मूठभर निंबोळी पेंड. दीड महिना रोपं नजर लागावी अशी होती. मग शेंड्याकडची पानं पिवळी पडू लागली. शिरा मात्र हिरव्याच, जाळी विणल्यासारख्या. खालची जुनी पानं अजून हिरवीगार.

नत्र कमी पडलं असेल म्हणून आणखी गांडूळखत घातलं. फरक नाही. मग कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलांची पूड, पालाशासाठी लाकडाची राख. राख दर आठवड्याला, तीही मुठीने (लिहितानाच ओशाळायला होतंय). पिवळेपणा वाढलाच, शिवाय मातीवर पांढरट थर आलाय. पाणी क्षारांचं आहे, बादलीच्या तळाशीही असंच साचतं. पानं उलटून भिंगाने पाहिली, कीड नाही.

नत्र कमी असतं तर आधी जुनी पानं पिवळी व्हायला हवीत ना? झाड तिथलं नत्र काढून नव्या पानांना देतं. इथे उलटंच चाललंय. मग लोह कमी आहे का? एवढं गांडूळखत घालूनही? माती बदलायची म्हटलं तर फुलं लागलीत, मुळं हलवायला हात धजत नाही.

प्रतिसाद १:
लक्षणं लोहाचीच. पण लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नसावं. राख सामू (pH, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी याचं माप) झपाट्याने वाढवते, टरफलं सावकाश, आणि तुमचं पाणीही त्यात भर घालतंय. टोमॅटोला ६ ते ६.८ सामू मानवतो. साडेसातच्या पुढे लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं. वरून कितीही खत घाला, उपयोग नाही.

आधी मोजा. एक भाग माती, दोन भाग पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी, ढवळून अर्धा तास ठेवा, मग सामू मोजायची पट्टी बुडवा. नेहमीचं पाणी घेतलंत तर त्याचाच सामू मोजून बसाल. राख आणि टरफलं आजपासून बंद. पांढरा थर खरवडून काढा आणि पावसाचं पाणी मिळालं तर तळातून भरपूर निथळेपर्यंत सावकाश घाला. त्यासोबत थोडं नत्रही वाहून जाईल, तेव्हा नंतर हलकं खत द्या. चिलेटेड (झाडाला घेता येईल अशा रूपातल्या) लोहाची फवारणी लवकर गुण देते, ती सेंद्रियात धरायची की नाही ते तुम्ही ठरवा. पिवळी पानं पुन्हा हिरवी होतीलच असं नाही, लक्ष नव्या फुटीवर ठेवा.

धागाकर्ती:
पट्टीवर ८! राखेचा डबा नजरेआड केलाय. गंधकाची पूड सामू उतरवते, पण जिवाणूंमार्फत, म्हणजे आठवडे लागणार. आत्ता फुलोऱ्यात वरून घालावी, की हंगाम संपल्यावर मातीत मिसळावी? कुंडीत कुणी वापरली असेल तर प्रमाणही सांगा.