सावित्रीचं खोरं: तुमचे अनुभव लिहा

जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांची नावं एका दमात घेतात. पण कृष्णा, कोयना, वेण्णा देशाकडे वळतात, तर सावित्री कड्यावरून थेट कोकणात उतरते. शंभरेक किलोमीटरमध्ये तिचा सगळा प्रवास संपतो. पुराच्या बातम्या वगळता ही नदी फारशी कुणाला ठाऊक नाही. तुम्ही कुठे, कशी पाहिलीत?

घाटवेडा: आर्थर सीटवरून. खाली नुसती खोल दरी. समुद्राकडून येणारा वारा कड्यावर आपटून सरळ वर चढतो, म्हणून फेकलेलं बाटलीचं झाकण परत येतं म्हणे. सगळीच येत नाहीत, कृपया फेकू नका.

पोलादपूरकर: आमच्याकडे ऊन असलं तरी पाणी गढूळ झालं की आजी हाक मारायची, "गुरं वर घ्या रे, घाटात झोडपतोय!" उन्हाळ्यात मात्र पात्रात गोटे आणि अधूनमधून डोह, बस्स.

महाडची सून: मी सांगलीची, पूर मला नवा नव्हता. पण कृष्णेचं पाणी चढताना विचार करायला वेळ देतं, हे देत नाही. इथे सासरे पावसाच्या आधी भरतीची वेळ विचारतात, तेव्हा नवल वाटायचं. समुद्र दिसतसुद्धा नाही की इथून! मग कळलं, घाट उतरल्यावर नदीचा उतारच संपतो. त्यात रायगडाकडून काळ आणि गांधारी महाडच्या आसपास येऊन मिळतात, आणि खाली खाडीत भरती असली की पाण्याला पुढे सरकायला जागा उरत नाही. पावसाळ्यात दुकानातला माल माळ्यावर चढवायची आमची रीतच आहे. जुलै २०२१ मध्ये माळाही पुरला नाही. लोक एकट्या पावसाला बोल लावतात. मला विचाराल तर गाळ आणि भरती तितकीच जबाबदार.

पोलादपूरकर: आणि ऑगस्ट २०१६? ब्रिटिशकालीन पूल रात्री गेला, दोन एसटी गाड्या घेऊन. शोध पार खाडीपर्यंत न्यावा लागला होता. अजून नव्या पुलावर गाडी आली की आमच्या घरचे गप्प होतात.

रानपाखरू: जरा वेगळं लिहितो. महाडजवळ मगरी आहेत, हिवाळ्यात काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. जवळच सव गावी गरम पाण्याचे झरे.

बाणकोटवाला: आमच्याकडे तिला नदी कुणी म्हणतच नाही, खाडीच. अलीकडे रत्नागिरी, पलीकडे रायगड. वेसवीहून बागमांडल्याला फेरीबोटीने गाडीसकट जाता येतं. मोठ्या पावसानंतर खाडी लाल होते आणि ओंडके वाहत येतात, तेव्हा वर काय झालं असेल ते कळतं.

महाडची सून: बाणकोटवाले, तुमच्याकडे भरती लागल्यावर किती वेळाने ती इथे पोचते? सासरे तिथीवरून सांगतात, पण मला घड्याळात हवंय.