सामाईक पार्किंगमध्ये ‘आधी येईल त्याची जागा’ हा न्याय आहे का?

चौथा जिना
काल ‘समंजस’ यांनी येथे लिहिले की सामाईक पार्किंगमध्ये जो आधी येईल त्याची जागा, एका घरात तीन गाड्या असणे हा गुन्हा नव्हे, आणि याविषयी कुरकुर करणाऱ्यांना शेजारधर्म ठाऊक नसतो. मी त्या कुरकुर करणाऱ्यांपैकी आहे, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आमच्या इमारतीत बारा घरे आणि चौदा गाड्यांपुरती जागा आहे. कोणतीही जागा कोणाच्या नावावर नाही. माझ्या शेजाऱ्यांकडे चार गाड्या आहेत. त्यांपैकी एक गेले दीड वर्ष आच्छादनाखाली जागची हललेली नाही, आणि उरलेल्या तीनपैकी एखादी बाहेर पडली की तिच्या जागी मुलाची स्कूटर आडवी लावली जाते, ती गाडी परत येईपर्यंत तशीच राहते. ‘आधी येईल त्याची’ हा नियम खरोखर पाळायचा असेल, तर बाहेर गेलेल्याने परत आल्यावर इतरांप्रमाणेच जागा शोधायला हवी.

गेल्या महिन्यात वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यांना घरी आणले तेव्हा एकही जागा मोकळी नव्हती, आणि फाटकाजवळच्या जागेत ती स्कूटर उभी होती. वडील वॉकर टेकत रस्त्यापासून जिन्यापर्यंत चालत आले. शेजारी गॅलरीत उभे राहून पाहत होते. त्या दिवसापर्यंत मी गप्प होतो.

समंजस
आपल्या वडिलांना त्रास झाला याचे मला मनापासून वाईट वाटते. तरीही एक प्रश्न विचारतो: त्या क्षणी आपण वर पाहून ‘जरा स्कूटर हलवता का?’ असे म्हणालात का? आपल्या संपूर्ण निवेदनात शेजाऱ्यांशी झालेले एकही संभाषण मला आढळले नाही.

आमच्याकडे तीन गाड्या आहेत, कारण घरातील तीन माणसे तीन दिशांना कामाला जातात. मुलगी परिचारिका आहे आणि दुसरी पाळी संपवून मध्यरात्रीनंतर घरी येते. तिने अंधाऱ्या रस्त्यावर गाडी लावून एकटीने चालत यावे, हे मला मान्य नाही. तिच्यासाठी मी जागा धरून ठेवतो, आणि ते लपवत नाही. ज्याला आपण हाव समजता, ती पुष्कळदा घरच्यांची काळजी असते.

विनागाडी
या चर्चेत आमच्यासारख्यांना कोणी मोजतच नाही. माझ्याकडे गाडी नाही. पार्किंगमधील दिवे, फरशीची डागडुजी, पाण्याचा निचरा, रखवालदार, या सगळ्याचा खर्च मी चार गाड्यांच्या मालकाइतकाच देतो. घर घेतले तेव्हा त्या जागेची किंमतही घराच्या किमतीतच धरलेली होती. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यानुसार गाडीची नोंदणी करताना, सर्वसाधारणपणे, ती ठेवायला घराच्या जवळपास जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो. ही मर्यादा आज २ किलोमीटरची आहे. आपल्याकडे आधी गाडी घ्यायची आणि मग जागेचा भार शेजाऱ्यांवर टाकायचा. मुलीची काळजी समजते, पण त्या काळजीचा खर्च मी का उचलावा?

रेषेच्या आत
दोन गोष्टी नोंदवतो. पहिली रुंदीची. गाडीची जागा साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब आखतात. आरसे धरले तर आजच्या मोठ्या गाड्या दोन मीटरच्या आसपास जातात, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर फट उरते आणि त्या फटीतून दार उघडून उतरायचे असते. रेषेवर चढलेली प्रत्येक गाडी उर्मटपणाने लावलेली नसते.

दुसरी गोष्ट अशी की, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले की कोणी जागेसाठी वाट पाहत असेल, तर निघणारा चालक जास्त वेळ लावतो, आणि हॉर्न वाजवला तर आणखीच. जी जागा आपण सोडणारच आहोत, तीही कोणी मागितली की माणूस घट्ट धरतो. म्हणून काचेवर चिठ्ठ्या चिकटवून आणि हॉर्न वाजवून हा प्रश्न सुटणार नाही.

चौथा जिना
तो अभ्यास बाजारातल्या अनोळखी माणसांचा आहे. मला ज्या माणसाशी वागायचे आहे, तो माझ्या भिंतीपलीकडे राहतो आणि त्याला माझ्या वडिलांचे नाव ठाऊक आहे. आणि ती चौथी गाडी? दीड वर्ष न हललेल्या पत्र्याच्या डब्याला कोणाची काळजी आणि कोणती रात्रपाळी आहे?

जुनी चावी
‘पत्र्याचा डबा’ हे शब्द वाचून मी हे लिहिते आहे. माझ्याही इमारतीत अशी एक झाकलेली गाडी आहे आणि ती माझी आहे. माझे पती तीन वर्षांपूर्वी गेले. गाडी ते चालवत असत. मला चालवता येत नाही. दोनदा गिऱ्हाईक आले आणि दोन्ही वेळा मी ऐनवेळी नकार दिला. त्यांचा चष्मा अजून पुढच्या कप्प्यात आहे. आपल्या शेजाऱ्यांची गाडी कोणाची होती, हे आपल्याला माहीत आहे का?

विनागाडी
ताई, आपल्या दुःखाचा मला आदर आहे. पण भावना आपली एकटीची आहे आणि जागा सगळ्यांची. आठवण घरात ठेवता येते. त्यासाठी सामाईक जागेतले साडेबारा चौरस मीटर लागत नाहीत.

जुनी चावी
हे वाक्य आपण माझ्या दारात उभे राहून उच्चारू शकला असता का? तीन वर्षांत माझ्या एकाही शेजाऱ्याने मला गाडीविषयी विचारलेले नाही. त्यांनी विचारले असते तर मी उत्तर दिले असते. येथे मात्र गाडी नसलेले गृहस्थ मला चौरस मीटर मोजून दाखवत आहेत.

समंजस
‘विनागाडी’ यांनी आपले शब्द मागे घ्यावेत. जागेचा हिशेब मांडण्यासाठी कोणाच्या शोकाचे माप काढण्याची गरज नव्हती.

पाना-पक्कड
मी गाड्या दुरुस्त करतो, म्हणून फक्त गाडीविषयी बोलतो. झाकून ठेवलेली गाडी सुरक्षित राहते, हा गैरसमज आहे. महिनोन्महिने सगळे वजन टायरच्या एकाच भागावर राहिले की तो भाग चपटा होतो. बॅटरी न वापरताही उतरते, ब्रेकच्या चकत्या गंजतात, टाकीतले पेट्रोल शिळे होते आणि उंदीर वायरी कुरतडतात. ताई, आपल्याला ती गाडी जपायची असेल, तर दर पंधरा दिवसांनी कोणाकडून तरी ती अर्धा तास फिरवून आणा. एका वृद्ध गृहस्थांनी पाच वर्षांनी आच्छादन काढले, तेव्हा मी तेथे होतो. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

जुनी चावी
उंदरांचा विचार माझ्या मनात आला नव्हता. भाचा गाडी चालवतो. रविवारी त्याला बोलावते. हे मी गाडीसाठी करते आहे, चौरस मीटरसाठी नव्हे.

विनागाडी
आठवणीविषयीचे वाक्य मागे घेतो. खर्चाविषयीचे घेणार नाही.

चौथा जिना
‘समंजस’ यांच्या प्रश्नाचे उत्तर देणे मी टाळले होते. नाही, मी शेजाऱ्यांना हाक मारली नव्हती. मला वाटले, जे समोर दिसते आहे ते सांगावे का लागावे? काल संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले की वडील चालत येत होते तेव्हा त्यांना संकोच वाटला, आणि खाली यावे की नाही हे ठरेपर्यंत आम्ही जिन्यात पोहोचलो होतो. मला ते पूर्णपणे पटलेले नाही. स्कूटर लावणे बंद करू, असे त्यांनी कबूल केले. झाकलेली गाडी त्यांच्या थोरल्या भावाची आहे आणि त्या भावाशी त्यांचे बोलणे नाही. तिच्याविषयी ते अवाक्षरही बोलायला तयार नव्हते, आणि मीही ताणले नाही.

रेषेच्या आत
मग तोंडी कबुलीवर थांबू नका. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामाईक साधनांवरच्या कामासाठी. कुरणे, मासेमारी, पाटाचे पाणी यांच्या अभ्यासातून त्यांनी दाखवले की जेथे वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, एकमेकांवर लक्ष ठेवले आणि नियम मोडणाऱ्याला आधी सौम्य, मग कडक शिक्षा दिली, तेथे सामाईक गोष्ट टिकली. नियम लिहा, आणि तो लिहिताना शेजाऱ्यांना सोबत बसवा.

चौथा जिना
येत्या बैठकीत मी असे मांडणार आहे: प्रत्येक घराला एक जागा, आणि उरलेल्या दोन जागा दुसरी गाडी असलेल्यांमध्ये दरमहा फिरत्या.

समंजस
या हिशेबाने माझ्या घराला एकच जागा मिळेल आणि ते मला आवडलेले नाही. पण स्कूटर आडवी लावण्याचे समर्थन मला करता येत नाही, हेही खरे. रात्री उशिरा येणाऱ्यांना फाटकाजवळची जागा द्या, म्हणजे मी विरोध करणार नाही. आणि ज्या घरात गाडीच नाही, त्या घराची जागा कोणाची?

विनागाडी
त्या घराचीच. आपल्या मुलीसाठी हवी असेल, तर त्या घरी जाऊन विचारा. मी शेजारी असतो तर दिली असती.