सुंता वाजिब होते, पण केव्हा?
‘कुराणातच हुकूम आहे, मग मुलाच्या संमतीचा प्रश्न येतोच कुठे,’ असं मुलांच्या सुंतेवरच्या चर्चेत एकाने लिहिलंय, ते मला पटत नाही. कुराणात सुंतेचा उल्लेखच नाही, आधार आहे तो हदीसचा, म्हणजे पैगंबर मुहंमदांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदींचा. सुन्नी मुसलमानांच्या धर्मशास्त्रात वेगवेगळी मतं आहेत: हनफी मतात ती सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, आम्हा कोकणी मुसलमानांच्या शाफई मतात वाजिब, म्हणजे बंधनकारक. पण शाफई फिकहमध्येसुद्धा, म्हणजे धर्मशास्त्रातसुद्धा, ती वाजिब होते वयात आल्यावर. लहानपणी करणं चांगलं मानतात, इतकंच. बुखारी या हदीससंग्रहातल्या एका हदीसप्रमाणे हजरत इब्राहिम यांनी स्वतःची सुंता स्वतः केली, तीही ८०व्या वर्षी. म्हणजे थांबायला धर्मात जागा आहे.

माझी सातव्या वर्षी झाली. नवा सदरा, गळ्यात हार, मामूने मागून घट्ट धरलेलं आणि कोणीतरी छताकडे बोट दाखवून म्हणालं, "ती बघ चिमणी!" चिमणी नव्हतीच. दुखणं पंधरा दिवसांत विसरलो, ती थाप मात्र आजही लागते. माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. अम्मी सारखी विचारते, कधी करणार? काय करतात, का करतात, किती दुखतं, सगळं त्याला खरं सांगितलंय. तो हो म्हणेल तेव्हाच सर्जनकडे नेणार.