होटनचा हिवाळा: तक्रार केली की लगेच 'रडणारे' का?

राखाडी:
काल या मंचावर 'सुपिरियरकाठी' यांनी लिहिलं की मिशिगनच्या युपीतल्या (अप्पर पेनिन्सुला, राज्याचा उत्तरेकडचा भाग) आपल्या होटनचा हिवाळा म्हणजे स्वर्ग, आणि दोनशे इंच बर्फाला रडणाऱ्यांनी एक तर चांगलं जॅकेट घ्यावं नाहीतर सरळ दक्षिणेला राहायला जावं. वर "हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात" हेही होतंच. रात्री झोप येईना, म्हणून आज सविस्तर लिहिते.

माझा हा इथला सहावा हिवाळा. थंडीबद्दल माझी तक्रार नाहीच. सुपिरियर सरोवर सहजासहजी पूर्ण गोठत नाही, त्यामुळे मिनेसोटासारखी हाडं फोडणारी थंडी आपल्याकडे कमीच. बर्फही मला आवडतो. तक्रार आहे ती उजेडाची. कॅनडाकडून आलेला गार वारा त्या मानाने उबदार पाण्यावरून येताना ओलावा उचलतो, आपल्या कीविनॉ द्वीपकल्पाच्या चढाला लागला की सगळा आपल्यावर सांडतो. तुमचा तो मऊ, हलका बर्फ येतो तो याच ढगांतून, आणि हेच ढग नोव्हेंबरात जे डोक्यावर झाकण घालतात ते महिनोन् महिने निघत नाही. यावर कुठलं जॅकेट चालतं ते सांगा.

दुसऱ्या हिवाळ्यात मी दिवसाला अकरा-अकरा तास झोपत होते. आईचा फोन वाजायचा आणि मी त्याच्याकडे नुसती बघत बसायचे. हा आपला आळस आहे असंच मला वाटत होतं. शेवटी रूममेट हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. तेव्हा कळलं की याला नाव आहे, सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर, म्हणजे हिवाळ्यात उजेड कमी झाला की येणारं नैराश्य, 1984 पासून वैद्यकीय लिखाणात आहे, आणि सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास 10,000 लक्सच्या प्रखर दिव्यासमोर बसणं हा त्यावरचा नेहमीचा उपाय आहे. व्हिटॅमिन डीचंही तेच. आपल्या बऱ्याच दक्षिणेला असलेल्या बोस्टनच्या अक्षांशावरसुद्धा हिवाळ्याच्या उन्हात कातडी ते बनवू शकत नाही, आपण तर 47 अंशावर आहोत, आणि सावळ्या कातडीला ऊन आणखी जास्त लागतं.

याला कोणी रडणं म्हणत असेल तर मला ते मान्य नाही.

सुपिरियरकाठी:
माझं अर्धंच वाक्य उचललंत. आजाराबद्दल मी एक अक्षरही लिहिलेलं नाही. मी लिहिलं होतं ते ऑक्टोबरपासून रोज हवामानाचा फोटो टाकून "कुठे येऊन पडलो" म्हणणाऱ्यांबद्दल.

मी इथे येण्याआधी चार वर्षं टेक्सासात काढली. जून ते सप्टेंबर घर ते गाडी, गाडी ते ऑफिस. माझ्या मुलीला अंगण म्हणजे काय ते माहीत नव्हतं. इथे ती उणे दहामध्ये तासभर बाहेर लोळते आणि घरात यायला तयार नसते. जानेवारीत पलीकडच्या हॅनकॉक गावात हेकिनपाइवा हा फिनिश सण असतो. फिनिश लोक म्हणतात, आज गुहेतलं अस्वल कूस बदलतं, म्हणजे निम्मा हिवाळा सरला. फेब्रुवारीत इथल्या विद्यापीठाचा कार्निव्हल, 1922 पासूनचा. कडाक्याच्या थंडीत पोरं रात्र जागवून बर्फाचे पुतळे पुरे करतात. इथल्या लोकांनी हिवाळ्याशी नातं जोडलंय, आपण खिडकीतून बघत बसतो. राग येऊ देऊ नका, पण त्या दुसऱ्या हिवाळ्यात तुम्ही बाहेर किती पडत होतात?

राखाडी:
राग आलाच. अंथरुणातून उठता येत नाही असं ज्याने लिहिलंय त्याला विचारायचा हा प्रश्न नाही.

पुलापलीकडे:
तुम्ही दोघं उजेड आणि अस्वल यांवर बोलताय. खरा प्रश्न ड्राइव्हवेच्या तोंडाशी आहे. पहाटे पाचला उठून दीड तास बर्फ उपसायचा, आत येऊन बूट काढेपर्यंत प्लाउ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ सारणारा ट्रक, येतो आणि तोंडावर पुन्हा गुडघाभर बांध घालून जातो. आणि तो बर्फ मऊ नसतो, रस्त्यावरचा दाबलेला, वाळू मिसळलेला. गेल्या मार्चमध्ये तो फोडताना माझ्या कमरेत जी चमक भरली, तीन आठवडे खुर्चीत बसून झोपलो. वर समोरचा शेजारी ब्लोअरने त्याचा बर्फ रस्ता ओलांडून माझ्या बाजूला टाकतो. रस्त्यावर बर्फ टाकायला मिशिगनच्या वाहन कायद्यात मनाई आहे. सांगितलं तर म्हणतो, सगळेच टाकतात.

मागे इथेच कोणीतरी लिहिलं होतं, "आपण कोकणातला पाऊस काढला, हे काय अवघड." अहो, पाऊस पडतो आणि वाहून जातो. बर्फ आपल्याला उचलून कुठेतरी ठेवावा लागतो, आणि जानेवारी संपेपर्यंत ठेवायला जागाच उरत नाही.

अठरावर्षं:
उचलता म्हणून कंबर जाते. फावडं ठेवून द्या आणि युपर स्कूप, म्हणजे ढकलायचं मोठं सुपडं, घ्या. बर्फ उचलायचा नसतो, ढकलत न्यायचा आणि ढिगावर चढवून उलटा करायचा. मला हे पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या ऐंशीच्या आजींनी शिकवलं, त्या स्वतःचा ड्राइव्हवे स्वतः काढत. प्लाउवाल्यांना बोल लावू नका. तुम्ही पाचला उठता, तोवर त्यांना कामाला लागून कित्येक तास झालेले असतात. पातं बर्फ बाजूलाच सारणार, तुमच्या दारापाशी ते उचलून धरून कसं चालेल? तोंड शेवटी साफ करा, आणि प्लाउ ज्या बाजूने येतो तिथे कडेला आधी थोडी जागा मोकळी करून ठेवा, बांध अर्धा होतो.

उत्तरेला मोहॉक गावाच्या पुढे रस्त्याकडेला तो उंच बर्फमापक उभा आहे ना, 1978-79 सालचे 390.4 इंच दाखवणारा? जवळजवळ दहा मीटर. तो हिवाळा ज्यांनी काढला त्यांच्यासमोर बसून या तक्रारी करून बघा.

मात्र राखाडी यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. फक्त दोष सगळा ढगांचा नाही, घड्याळाचाही आहे. आपण ईस्टर्न टाइमच्या, म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेच्या पट्ट्याच्या, पार पश्चिम टोकाला आहोत. सूर्य आपल्याला घड्याळापेक्षा सुमारे 54 मिनिटं उशिरा भेटतो. डिसेंबरअखेर सूर्योदय साडेआठनंतर. ढग नसते तरी सकाळ अंधारीच.

बसथांबा:
अठरावर्षं, देव भलं करो, कोणीतरी बोललं. दोन मुलांना घेऊन मी रोज मिट्ट काळोखात बसची वाट बघते. धाकटा सात वर्षांचा. रस्त्याच्या दोन्ही कडांना त्याच्या दुप्पट उंचीचे ढीग, त्यांच्या आडून वळणारी गाडी दिसत नाही आणि गाडीवाल्याला मुलं दिसत नाहीत. गेल्या डिसेंबरात एक ट्रक घसरत आमच्यापासून हातभरावर येऊन थांबला. त्या दिवसापासून त्यांच्या जॅकेटवर मी चमकणाऱ्या पट्ट्या शिवल्यात, आणि तरीही बस दिसेपर्यंत माझा हात त्यांच्या टोपीवरून निघत नाही.

गोगीबिक, आयर्न, डिकिन्सन, मेनॉमिनी हे चार परगणे (काउंटी) याच युपीत, आणि सेंट्रल टाइमवर, म्हणजे आपल्यापेक्षा एक तास मागे. त्यांचं काही बिघडलं नाही. आपणही तिकडे जावं, शाळेच्या वेळेला निदान झुंजूमुंजू तरी होईल.

सुपिरियरकाठी:
अजिबात नको! सेंट्रल केलंत तर डिसेंबरात सव्वाचारच्या आधी सूर्य मावळेल. ऑफिसातून बाहेर पडेपर्यंत रात्र. आत्ता निदान चार ते पाच मिळतात, मी लवकर निघून रिप्लीच्या डोंगरावर स्कीच्या दोन फेऱ्या मारतो, आणि हिवाळा जगण्यासारखा होतो तो त्या तासामुळे. उलट उन्हाळी वेळच, म्हणजे घड्याळ एक तास पुढे, वर्षभर ठेवावी. अमेरिकी संसदेच्या सिनेटने मार्च 2022 मध्ये ते मंजूर केलंही होतं, दुसऱ्या सभागृहात, हाउसमध्ये, अडकलं.

बसथांबा:
म्हणजे तुमच्या दोन फेऱ्यांसाठी माझ्या मुलांनी साडेनवाला, पावणेदहाला सूर्य बघायचा? हा प्रयोग करून झालाय. 6 जानेवारी 1974 ला जवळजवळ अख्ख्या देशात उन्हाळी वेळ लावली, दोन वर्षं चालवायची होती. मुलं अंधारात शाळेला जातात म्हणून लोक इतके संतापले की त्याच वर्षी ऑक्टोबरात मागे घ्यावी लागली. आणि तेव्हाही सगळ्यात जास्त अंधार आपल्यासारख्या पश्चिम टोकांनाच होता.

पुलापलीकडे:
माझं सगळं काम डेट्रॉइटच्या लोकांशी. सेंट्रल केलं तर ते आठला मीटिंग लावतील तेव्हा माझ्याकडे सात वाजलेले असतील. म्हणजे बर्फ काढायला चारला उठायचं. घड्याळाला हात लावू नका.

राखाडी:
या आजारात संध्याकाळच्यापेक्षा सकाळचा उजेड जास्त कामाचा असतो, शरीराचं घड्याळ त्यानेच लागतं. दिवा सकाळीच का लावायला सांगतात, याचं कारण हेच. बसथांबा यांच्या बाजूने माझं मत.

सुपिरियरकाठी:
मग सगळे सेंट्रलवरच्या आयर्नवुडला राहायला जा. बर्फ तिथेही भरपूर आहे आणि घड्याळ तुमच्या मनासारखं. प्रत्येक गोष्ट बदलून मागायची, हवा बदला, वेळ बदला! मग या गावात राहायचं तरी कशाला?

बसथांबा:
नवऱ्याची नोकरी इथे आहे म्हणून. माझं घर इथे आहे म्हणून. आणि जुलैत साडेनवालाही मुलं सुपिरियरच्या वाळूत खेळत असतात, ते मलाही तुमच्याइतकंच आवडतं म्हणून. गाव आवडतं त्याने डिसेंबरही आवडून घेतलाच पाहिजे, हा नियम तुम्ही कुठून आणलात? कालच्या पोस्टमध्ये हेच बोचलं, दुसरं काही नाही.

अठरावर्षं:
जुलैचं म्हणताय, पण जूनही आठवा. 17 जून 2018 ची पहाट. रात्रीतून इतका पाऊस झाला की चढावरचे रस्ते उखडून खाली वाहत आले. माझ्या तळघरात कमरेइतकं पाणी, मुलांचे लहानपणीचे सगळे फोटो गेले. अठरा वर्षांत बर्फाने माझं एवढं नुकसान केलेलं नाही. बर्फाची छपराला, खिडक्यांना, माणसांना सवय आहे. उतरती पत्र्याची छपरं, दारापर्यंतचे झाकलेले जिने, हे सगळं त्याच्याच हिशेबाने बांधलेलं. मला त्यामुळे जानेवारीत जास्त निर्धास्त वाटतं.

सुपिरियरकाठी, तुम्ही चांगलं लिहिता, पण आयर्नवुडचं वाक्य मागे घ्या.

पुलापलीकडे:
स्कूप आणला. कमरेला बरं आहे, कबूल करतो. शेजाऱ्याचं मात्र काय करायचं ते कोणीच सांगितलं नाही.

सुपिरियरकाठी:
आयर्नवुडचं वाक्य मागे. बाहेर किती पडत होतात हेही विचारायला नको होतं. काल बायकोने हा सगळा धागा वाचला आणि म्हणाली, आपण आलो त्या पहिल्या नोव्हेंबरात तूसुद्धा रोज आठला झोपायचास, विसरलास का. विसरलो होतो.

घड्याळाबद्दल माझं मत तेच राहील. आणि नोव्हेंबर, डिसेंबर इथे वाईट असतात, हे एक लिहून देतो. जानेवारी नाही. जानेवारीबद्दल मी कोणाचंही ऐकणार नाही.

राखाडी:
नोव्हेंबर, डिसेंबर आणि निम्मा जानेवारी. तुमचं अस्वल कूस बदलेपर्यंत.