मराठी नावांच्या जागी नुसती ‘बरोबर’ची (=) चिन्हं. व्हीसीएफ फाइल बिघडली का?

बिबडेवाली_अमळनेर

राम राम मंडळी. लांबलचक लिहायची सवय आहे, सांभाळून घ्या.

मी अमळनेरची. आम्ही सहा जणी मिळून उन्हाळी काम करतो. ज्वारीचे बिबडे, नागलीचे पापड, कुरडया, शेवया. गावात माल फार खपत नाही, इथे घरोघरी बायका गच्चीवर खाटा टाकून स्वतःच करतात. आमचं गिऱ्हाईक म्हणजे इथून बाहेर गेलेलं. सुरतला उधना, लिंबायतकडे आपली माणसं किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय पुणे, नाशिक, कल्याण. सगळ्यांचे नंबर माझ्या एकट्या फोनमध्ये, अकराशेच्या वर. दुकान म्हणा, वही म्हणा, सगळं तेच.

तर तो फोन सात वर्षांचा झाला. बॅटरी फुगली आणि मागचं झाकण तळलेल्या पापडासारखं वर आलं. बाजारातला मोबाइलवाला पोरगा म्हणाला, “काकू, हा आज जाईल की उद्या, सांगता येत नाही.” त्याने १०० रुपये घेऊन सगळे नंबर एका फाइलमध्ये काढले आणि ती फाइल माझ्याच व्हॉट्सॲपवर टाकली. नावाच्या शेवटी टिंब आणि व्हीसीएफ. नव्या फोनवर दाबली, नंबर आले. पण सगळे आले की नाही अशी पाल चुकचुकली, म्हणून परत एकदा दाबली. आता फोनमध्ये प्रत्येक वहिनी दोनदा!

त्यातही मी ‘लता लिंबायत’ असं ठेवलेलं नाव नव्या फोनात ‘लिंबायत लता’ दिसतंय. हे कोणी केलं?

खरी धडकी पुढे भरली. कागदावर यादी असावी म्हणून भाचीच्या लॅपटॉपवर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली. इंग्रजीत ठेवलेली नावं नीट, आणि मराठी नावाच्या जागी बरोबरचं चिन्ह, ई शून्य, बरोबरचं चिन्ह, ए चार, असं ओळीच्या ओळी. भाची म्हणे व्हायरस. आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आली आहे. माहेरी आलेल्या लेकी परत जाताना बिबडे नेतात, आमची वर्षाची निम्मी विक्री त्या पंधरा दिवसांत होते. फाइल गेली असेल तर सांगा, जुना फोन अजून धुगधुगी धरून आहे, तोवर परत काढून आणते.

आणखी एक, हे विचारायला लाज वाटते. गेल्या आठवड्यात लिंबायतच्या एकीला तिच्याच गल्लीतल्या दुसरीचा नंबर हवा होता, पार्सल एकत्र मागवायचं म्हणून. मी व्हॉट्सॲपवर दुसरीचं कार्ड पुढे पाठवलं. दहा मिनिटांत दुसरीचाच फोन. “ताई, मी घासाघीस वहिनी का?” व माय! मी तिला तशाच नावाने ठेवलं होतं, ‘लिंबायत घासाघीस वहिनी’. पण मी नंबर पाठवला होता, नाव कसं गेलं? आता आमच्यातली एक जण सुरतची पार्सलं सांभाळणार आहे. तिला फक्त सुरतचे नंबर द्यायचेत. बाकीचे नकोत, आणि माझी ठेवलेली नावं तर मुळीच नकोत.

क्लासवाला_शिरपूर

ताई, फाइल ठणठणीत आहे. व्हायरस वगैरे काही नाही. भाचीला सांगा, ती मराठीच आहे.

व्हीसीएफ म्हणजे साधी मजकुराची फाइल. प्रत्येक माणसाचं कार्ड ‘बिगिन व्हीकार्ड’ या ओळीने सुरू होतं आणि ‘एंड व्हीकार्ड’ने संपतं. मध्ये ‘टेल’च्या ओळीत नंबर, ‘ऑर्ग’मध्ये कंपनी, ‘बीडे’मध्ये वाढदिवस, ‘नोट’मध्ये तुम्ही केलेली टिपणं. अशी हजार कार्डं एकाखाली एक बसतात. फोटो लावलेले असतील तर तेही अक्षरांत बदलून आतच भरलेले असतात. मध्येच पानभर अगम्य अक्षरं दिसली तर तो कोणाचा तरी चेहरा आहे, घाबरू नका.

आता ती बरोबरची चिन्हं. वरच्या ‘व्हर्जन’च्या ओळीत बहुतेक २.१ लिहिलेलं असेल. ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या ‘व्हर्सिट’ गटाने १९९५ मध्ये हे कार्ड काढलं, २.१ ही १९९६ ची आवृत्ती. तेव्हाची ईमेल यंत्रणा इंग्रजीखेरीज अक्षरं वाटेत मोडून टाकायची. म्हणून अक्षराचे बाइट (कॉम्प्युटर अक्षर ज्या तुकड्यांत साठवतो ते) सुटे करायचे आणि प्रत्येकापुढे बरोबरचं चिन्ह लावायचं अशी युक्ती होती. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिपी साठवायची आजची पद्धत) ३ बाइटचं. ‘भाऊ’ लिहायला भ, काना आणि ऊ, म्हणजे ९ बाइट, आणि असं सुटं करून लिहिलं की २७ अक्षरं. ‘ई शून्य, ए चार’ सारखं दिसतं कारण आपली बरीचशी अक्षरं तिथूनच सुरू होतात. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा किंवा जोडाक्षर आलं की ‘ए चार’चं ‘ए पाच’ होतं. फोनला हे उलगडता येतं, नोटपॅडला येत नाही, एवढाच फरक.

१९९८ मध्ये ३.० आली, २०११ मध्ये ४.०. चौथीत यूटीएफ-८ सक्तीचंच केलं, तिच्यात मराठी नाव सरळ मराठीत दिसतं. पण बरेच अँड्रॉइड फोन अजूनही २.१ मध्येच फाइल काढतात.

एक विनंती: नोटपॅडमध्ये काही दुरुस्त करून सेव्ह करू नका. लांब नाव असेल तर ओळीच्या शेवटी नुसतं बरोबरचं चिन्ह येतं, म्हणजे ‘पुढे चालू’. फालतू समजून कोणी ते खोडलं की नाव तिथेच तुटतं.

‘लिंबायत लता’ची गंमत अशी की कार्डात नावाच्या ओळीला अर्धविरामांनी पाडलेले पाच कप्पे असतात. आडनाव पहिलं, मग नाव, मधलं नाव, आधीची उपाधी, नंतरची उपाधी. तुमच्या जुन्या फोनने ‘लिंबायत’ला आडनाव समजून पहिल्या कप्प्यात टाकलं. नवा फोन आडनाव आधी दाखवतोय. कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंगमध्ये ‘नावाचा क्रम’ असेल तिथे बदला, नंबरांना हात लावायची गरज नाही.

फुकटसल्ला

एवढं रामायण कशाला? जीमेलला सिंक चालू ठेवायचं. फोन गेला तरी नंबर ढगात, म्हणजे गूगलकडे. फाइलबिइल २०१० सालच्या गोष्टी.

बिबडेवाली_अमळनेर

भाऊ, सिंक चालूच होतं. पोराने दाखवलं, जीमेलमध्ये माझे फक्त ४१ नंबर होते. बाकी सगळे ‘फोन’वर आणि काही सिमवर. नंबर जतन करताना कुठे ठेवू असं विचारतो ना, तिथे मी सात वर्षं ‘फोन’च दाबत आले. फोनमध्ये ठेवायचा तर फोनच दाबणार की नाही?

क्लासवाला_शिरपूर

बरोबर आहे, ‘फोन’वर ठेवलेला नंबर सिंक होत नाही. हे नव्वद टक्के लोकांना फोन हरवल्यावर कळतं (आकडा माझ्या क्लासच्या अनुभवाचा, वाद घालू नये).

रावेर_केळी_ट्रक

काकू, माझी फजिती ऐका, कामाला येईल.

आम्ही केळीच्या गाड्या भरून देतो. गाडीमालक, कटाईचे मुकादम, दिल्लीकडचे व्यापारी, सगळे धरून दोन हजार नंबर. मला वाटलं यादी एक्सेलमध्ये छान दिसेल. गूगल कॉन्टॅक्ट्समधून सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) काढली, एक्सेलमध्ये उघडली, दोन नावं दुरुस्त केली, सेव्ह केली, परत चढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बागेत घड कापून पडलेले आणि गाडीवाल्याला फोन लावतोय तर नंबरच्या जागी ‘९.१९ ई अधिक ११’. ९१ लावलेला बारा आकडी नंबर एक्सेलने हिशोबाचा आकडा समजून आखडला आणि सीएसव्हीत तसाच लिहिला. मागचे आकडे गेले ते गेलेच. मराठी नावांची प्रश्नचिन्हं झाली ती वेगळी, कारण सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडायचं असतं हे मला कोण सांगणार?

वाचलो कशाने तर गूगल कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंगमध्ये ‘बदल मागे घ्या’ आहे. ३० दिवसांच्या आतली कुठलीही वेळ धरून यादी तेव्हा होती तशी करता येते. म्हणून माझं म्हणणं, व्हीसीएफची मूळ प्रत जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवा आणि एक्सेलला तिच्याजवळ फिरकू देऊ नका. सिमवर तर काही ठेवूच नका. तिथे नावाला जागा इतकी कमी की मराठी नाव अर्ध्यात कापतं. माझ्याकडे ‘पप्पू बऱ्ह’ नावाचे दोन जण होते, एक बऱ्हाणपूरवाला, दुसरा कुठला ते अंदाजावरच चाललंय.

उधना_खान्देशी

मी सुरतला असतो, दर आखाजीला भुसावळच्या गाडीने गावी. कोणा ना कोणाचा बिबड्यांचा डबा माझ्या सीटखाली असतोच, ताई कदाचित तुमचाच.

कार्डाचं सांगतो. व्हॉट्सॲपवर संपर्क पाठवला की नुसता नंबर जात नाही, हेच व्हीकार्ड जातं, आणि त्यात नाव तुम्ही ठेवलेलं. ते त्या बाईने ठेवलेलं नसतं, म्हणून तर ती भडकली. पाठवताना कुठला नंबर जाऊ द्यायचा त्याची खूण बदलता येते, पण नाव तुमचंच राहतं. एकच नंबर द्यायचा असेल तर सरळ आकडे टाइप करून पाठवा. लोक म्हणतील शेरे ‘नोट’मध्ये लिहा. मी म्हणेन तेही नको. सगळी यादी फाइलमध्ये काढली की टिपणंही त्यातच जातात. उधारी कोणाची, घासाघीस कोण करते, हे कागदाच्या वहीत. वही व्हॉट्सॲपवर जात नाही.

फक्त सुरतचे नंबर द्यायचे तर कॉम्प्युटरवर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडा, डावीकडे ‘सुरत’ नावाचं लेबल करा, माणसं निवडून त्यात टाका, मग ‘एक्स्पोर्ट’मध्ये तेवढं लेबल आणि व्हीकार्ड निवडा. तेवढीच फाइल निघते. त्याआधी नावं सुधारून घ्या म्हणजे झालं.

दोनदा आलेल्यांसाठी तिथेच ‘मर्ज’ आहे. पण ‘सगळे एकत्र करा’ एकदम दाबू नका. सारख्या नावाचे दोन वेगळे जण असतील तर तेही जोडायला सुचवतं. आमच्या भागात ‘पाटील भाऊ’ किती असतील विचारा.

धुळेकर_बँकवाला

विषय निघालाच आहे तर, लग्नसराई आहे. नाव ‘लग्नपत्रिका’ आणि शेवट ‘एपीके’ असलेली फाइल कोणी पाठवली तर हात लावू नका, ओळखीच्या नंबरवरून आली तरी. ते ॲप असतं, संपर्काची किंवा पत्रिकेची फाइल नसते. असं एक ॲप बसवून घेतलेले दोन जण या महिन्यात खातं रिकामं करून आमच्या काउंटरवर रडलेत. शेवटची तीन अक्षरं वाचायची.

बिबडेवाली_अमळनेर

सगळ्यांचे उपकार. काय केलं ते सांगते, माझ्यासारख्या कोणाला लागेल.

भाचीने फाइल नोटपॅड प्लस प्लसमध्ये नुसती उघडली (सेव्ह नाही हं!) आणि ‘बिगिन व्हीकार्ड’ किती वेळा आलंय ते मोजून घेतलं. ११४३. जुन्या फोनातही तेवढेच. म्हणजे सगळे आलेत, आणि दुसऱ्यांदा दाबायची अक्कल मी उगाच चालवली. नव्या फोनातून ‘फोन’वरचे सगळे पुसले, मोजून दोनदा खात्री करून, हात कापत होते. मग फाइल गूगलवर चढवली. एका वेळी ३००० पर्यंत चालतात असं तिथेच लिहिलंय, आमचं एका घासात झालं. मराठी नावं स्वच्छ आली. पोराने मूळ फाइल पेन ड्राइव्हवर आणि ईमेलवर ठेवली.

नावं सुधारायला मात्र दोन संध्याकाळी गेल्या. आम्ही सहा जणी बसलो होतो, बिबड्यांची ज्वारी भिजत घातलेली, आणि मी एकेक नाव मोठ्याने वाचत होते. ‘नाशिक पैसे नंतर’, ‘कल्याण तिखट नको’, ‘उधना सासू बोलते’. हसून हसून पुरेवाट. ‘तिखट नको’ हे ऑर्डरीच्या कामाचं, ते वहीत उतरवलं. ‘सासू बोलते’ कुठेच उतरवलं नाही. सुरतच्या लेबलात ६४ जणी निघाल्या, फाइल आमच्या सुरतवालीच्या फोनात गेली.

एक राहिलं. ‘लिंबायत घासाघीस’ हिला आता नीट नाव-आडनावाने ठेवलंय. काल तिचा फोन आला, पाच किलो बिबडे आणि दोन किलो नागलीचे पापड. भाव सांगितला तर म्हणाली, “ताई, आता तर नाव पडलंच आहे, मग थोडं कमी कराच.” किलोमागे दहा रुपये कमी केले.