डिस्नेचं तिकीट: पाच दिवसांचं की तीन?

ए-१०३ वहिनी: नमस्कार मंडळी 🙏 ओरलँडोच्या डिस्ने वर्ल्डची तिकिटं बघतोय. आम्ही दोघं, मुलं ८ आणि ११ वर्षांची, नाताळचा आठवडा. पाच दिवस पाच पार्क असा बेत होता, पण एकूण आकडा बघून हात आखडला. यातलं ज्यांना कळतं त्यांनी सांगा, कात्री कुठे लावायची?

बी-४०२ काका: वहिनी, आधी दोन दुरुस्त्या. थीम पार्क चारच आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, ॲनिमल किंगडम. म्हणजे पाचवा दिवस बसल्या जागी वाचला 🙂 आणि ११ वर्षांचं मूल तिथे मोठ्यांत धरतात. ३ ते ९ लहान, १० पासून पूर्ण तिकीट, ३ वर्षांखाली फुकट. लहानांची सवलत नावालाच आहे, थोड्याच डॉलरची. त्यामुळे हिशेब सरळ चार मोठ्या माणसांचा धरा.

बी-४०२ काका: आता आकडा. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये मॅजिक किंगडमचा सर्वात गर्दीच्या दिवसांचा दर २०९ डॉलर झाला. एका माणसाचा, एका दिवसाचा. चौघांचे ८३६. वेबसाइटवर दिसतो तो दर कराशिवायचा असतो, वर ६.५ टक्के. झाले ८९० च्या घरात. यात गाडीचं पार्किंग, खाणं आणि रांग चुकवायचे पैसे काहीच धरलेले नाहीत.

सी-५०१ आजोबा: पूर्वी म्हणे साडेतीन डॉलर होतं.

बी-४०२ काका: बरोबर आजोबा, १९७१ साली डिस्ने वर्ल्ड सुरू झालं तेव्हा साडेतीन डॉलर. पण तो फक्त आत शिरायचा दर. राइडची कुपनं वेगळी, ए पासून ई पर्यंत, सर्वात भारी राइडला ई. कुपनं १९८२ मध्ये गेली आणि एका तिकिटात सगळ्या राइड आल्या. त्या साडेतीनचे महागाई धरून आजचे सुमारे २८ डॉलर होतात. कुपनं धरली तरी आजच्या दराच्या आसपास ते पोचत नाही.

बी-६०४ दादा: आणि गंमत अशी की कुपनं परत आली आहेत, फक्त मोबाइलवर. १९९९ पासून फास्टपास फुकट होता. तुमची वेळ यायची, तुम्ही छोट्या रांगेतून आत. २०२१ मध्ये तो बंद करून त्याच कामाचं, पण पैसे मोजायचं जिनी प्लस आणलं, दिवसाला माणशी १५ डॉलर. दोन वर्षांत गर्दीच्या दिवशी त्याचे ३९ झाले. २०२४ मध्ये नाव बदलून लायटनिंग लेन मल्टी पास केलं. तिकिटाच्या दरावर सगळे ओरडतात, पण घरच्या बजेटला खरं भोक पाडलं ते यानं, असं माझं मत. तिकिटाचा आकडा निदान आधी कळतो तरी. हा पास बऱ्याचदा पार्कमध्ये, दीड तासाच्या रांगेत उभं राहून, मुलांच्या तोंडाकडे बघत घेतला जातो.

सी-२०१ ताई: वरचा प्रीमियर पासही सांगा त्यांना.

बी-६०४ दादा: हो. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये आला. वेळ निवडायची भानगड नाही, प्रत्येक राइडला एकदा, हवं तेव्हा जा. सुरू झाला तेव्हाच मॅजिक किंगडमला गर्दीच्या दिवसाचा दर माणशी ४४९ डॉलर, आणि तो तिकिटाव्यतिरिक्त. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

ए-१०३ वहिनी: बाप रे. मग पाच ऐवजी चार दिवस केले की बरेच वाचतील ना?

सी-२०१ ताई: इथेच सगळ्यांचं गणित चुकतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बहुदिवसीय तिकिटाचे पहिले तीन-चार दिवस महाग असतात. त्यानंतर वाढवलेला प्रत्येक दिवस तिकिटापुरता अगदी स्वस्त दिसतो. खरेदीच्या पानावर ५ वा, ६ वा दिवस थोड्या पैशांत मिळतोय असं दिसलं की माणूस 'एवढ्यात तर एवढ्यात' म्हणून टाकून मोकळा होतो. हे आवळा देऊन कोहळा काढणं आहे. कारण त्या स्वस्त दिवसाला हॉटेलची एक रात्र लागते, चौघांचं दिवसभराचं खाणं लागतं, चार मल्टी पास लागतात, आणि थकलेली मुलं दुपारी तीनला परत चला म्हणतात ते वेगळंच.

त्यामुळे ५ चे ४ केलेत तर तिकिटात फारसं वाचत नाही, हॉटेल आणि पासात वाचतं. ४ चे ३ केलेत तर दोन्हीकडे वाचतं. लोकांच्या सवयी बदलल्या त्या याच ठिकाणी. पूर्वी आठवडा म्हणजे आठवडाभर पार्क. आता तीन दिवस पार्क, मधले दिवस हॉटेलचा पोहायचा तलाव, समुद्र किंवा नुसती झोप. जाणं बंद करण्याआधी लोक दिवस कमी करतात. त्यानंतर दोन सहलींमधलं अंतर वाढवतात, दर दोन वर्षांऐवजी चार-पाच वर्षांनी, मुलं एका ठरावीक उंचीला पोचली की एकदाच. सगळ्यात शेवटी ठिकाण बदलतात.

सी-२०१ ताई: आणि तीन दिवसांचं तिकीट म्हणजे सलग तीन दिवस नव्हेत. ३ दिवसांचं तिकीट ५ दिवसांच्या मुदतीत वापरता येतं, ४ दिवसांचं ७ दिवसांत. म्हणून पार्क, सुट्टी, पार्क, सुट्टी, पार्क असं लावा. सुट्टीच्या दिवशी पास नाही, पार्किंग नाही.

डी-३०२ वहिनी: आणि तिकीट वापरलंच नाही तर? मुलं आजारी पडली वगैरे?

सी-२०१ ताई: पैसे परत नाहीत. पण पूर्ण न वापरलेल्या तिकिटाची भरलेली रक्कम पुढच्या तारखेच्या तिकिटात वळती करता येते, दरातला फरक भरून. चार दिवसांपैकी एक दिवस राहिला तर मात्र तो गेला.

बी-४०२ काका: विमानाची तिकिटं काढली आहेत का वहिनी?

ए-१०३ वहिनी: नाही अजून.

बी-४०२ काका: मग वाचलात. लोक आधी विमान काढतात आणि मग पार्कच्या तारखा बघतात, तिथेच फसतात. पार्कच्या वेबसाइटवर तारखेनुसार दराचं कॅलेंडर असतं. एका दिवसाच्या तिकिटाचा दर ओरलँडोत आणि कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये २०१६ पासूनच गर्दीप्रमाणे बदलतो, ओरलँडोत २०१८ पासून बहुदिवसीय तिकिटाचा दरही तारखेवर ठरतो. आधी ते कॅलेंडर उघडा, त्यावरून तीन दिवस ठरवा, मग हॉटेल, आणि विमान शेवटी. पहिला दिवस दोन-तीन दिवस अलीकडे सरकवला तर बेरीज कशी बदलते ते तुमच्याच डोळ्यांनी बघा.

सर्वात स्वस्त काळ ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर. तिथल्या शाळा तेव्हा सुरू झालेल्या असतात. पण वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, हेही लक्षात असू द्या. उन्हाळ्यात दुपारी विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. शाळकरी मुलांच्या घरांवर या तारखेच्या दराचा सर्वात जास्त भार पडतो. सुट्टी मिळते तेव्हाच दर चढलेले.

डी-३०२ वहिनी: डिसेंबरमध्ये पार्टीच्या दिवसांचं काहीतरी असतं ना?

बी-६०४ दादा: चांगली आठवण केलीत. मॅजिक किंगडममध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबर हॅलोविनच्या आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नाताळच्या पार्ट्या ठरावीक रात्री असतात, त्यांचं तिकीट वेगळं. त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना संध्याकाळी ६ ला बाहेर पडावं लागतं. रात्रीची आतषबाजी हुकते, म्हणून बरेच लोक तो दिवस टाळतात आणि दिवसा गर्दी कमी असते. ज्यांना राइड जास्त महत्त्वाच्या, त्यांच्यासाठी तो दिवस उत्तम. पण नाताळच्या पार्ट्या नाताळच्या आठवड्याआधी संपतात. तुम्हाला आठवडाभर आधी निघता आलं तरच उपयोग.

सी-५०१ आजोबा: रांग लावायची आणि पास घ्यायचाच नाही, असं जमतच नाही का?

बी-६०४ दादा: जमतं की आजोबा, पण सकाळी लवकर उठावं लागतं. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात उतरलेल्यांना रोज प्रत्येक पार्कमध्ये ३० मिनिटं आधी सोडतात. अर्धा तास ऐकायला थोडा वाटतो. पण त्याचा फायदा घ्यायचा तर गेटवर त्याच्याही पाऊण तास आधी हवं. बॅगांची तपासणी, गेट, मग आतलं चालणं. एक-दोन मोठ्या राइड तेव्हाच उरकतात. उशिरा पोचलात तर तोच अर्धा तास दुसऱ्यांना मिळाला आणि तुम्ही त्यांच्या मागे.

पास घ्यायचाच असेल तर तीनही दिवस घेऊ नका. राइड सर्वात जास्त मॅजिक किंगडममध्ये, तिथे घ्या. ॲनिमल किंगडमला सकाळी लवकर गेलात तर बहुतेकदा गरज पडत नाही. मल्टी पास आधी काढता येतो: डिस्नेच्या हॉटेलवाल्यांना ७ दिवस आधी, बाकीच्यांना ३ दिवस आधी, सकाळी ७ वाजता, तिथल्या वेळेप्रमाणे. आधी तीन राइड निवडायच्या. त्यातली एक वापरली की पुढची एक घेता येते. म्हणून पहिल्या तिन्ही वेळा सकाळच्या घ्या. दुपारी चारची वेळ घेऊन ठेवलीत तर पास अडकून पडतो, आणि मग पास घेऊनही तीनच राइड झाल्या म्हणून लोक चिडतात. चूक पासची नसते. आणि फोनची बॅटरी जपा, सगळं फोनवरच आहे. पॉवर बँक घरून न्या.

सी-२०१ ताई: खाण्याचं मी सांगते. डिस्नेमध्ये बाहेरचं खाणं आणि साधी पेयं नेता येतात. काचेच्या बाटल्या आणि सुटा बर्फ चालत नाही. जिथे काउंटरवर पेयं मिळतात तिथे बर्फाच्या पाण्याचा पेला मागितला की फुकट देतात, चौघांचे मागा. ओरलँडोतल्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कांमध्ये पूर्ण जेवणाचे डबे आत नेऊ देत नाहीत, किरकोळ खाऊ आणि पाणी चालतं. २२ मे २०२५ ला तिथे एपिक युनिव्हर्स हे नवीन पार्क उघडलं, त्यामुळे बरीच कुटुंबं डिस्नेचा एखादा दिवस काढून तिकडे देतात. नियम दोन्हीकडे वेगळे आहेत, तेवढं बघा.

बी-४०२ काका: हॉटेल आतलं की बाहेरचं, तेही. बाहेरचं हॉटेल किंवा स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर स्वस्त पडतं. पण तुलना करताना रोजचं पार्किंग धरा, आतल्या हॉटेलवाल्यांना पार्कचं पार्किंग फुकट असतं. जायला-यायला लागणारा वेळही धरा. विमानतळावरून न्यायची डिस्नेची फुकट बस २०२२च्या सुरुवातीला बंद झाली. जुने सल्ले वाचून तिची वाट बघू नका.

डी-३०२ वहिनी: एवढ्या पैशात टोकियोचं डिस्ने होत नाही का?

सी-२०१ ताई: तिकीट खूपच स्वस्त आहे. तिथे मोठ्यांचा एका दिवसाचा दर ७,९०० ते १०,९०० येन. डॉलरला १५० येन धरले तर सर्वात महाग दिवसही ७३ डॉलरच्या आत. येन पडल्यापासून अमेरिकेतले लोकसुद्धा ही तुलना करायला लागले आहेत. ते पार्क डिस्नेच्या परवान्यावर ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी चालवते, म्हणून दराचं धोरणही वेगळं. तिथे ४ वर्षांखाली फुकट, ४ ते ११ लहान, म्हणजे वहिनींचं ११ वर्षांचं मूल तिथे लहान ठरेल. पण बाहेरचा डबा आत चालत नाही. आणि पार्क दोनच, आठवडा तिथे काढायचा नाही.

ई-१०२ भाऊ: मी म्हणतो पार्क सोडाच. अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं फिरा. ८० डॉलरचा पास, वर्षभर सगळी उद्यानं.

बी-४०२ काका: भाऊ, तो ८० चा पास आता फक्त तिथल्या रहिवाशांना. २०२६ पासून बाहेरच्या पाहुण्यांना वर्षाचा पास २५० डॉलर. तो नसेल तर ग्रँड कॅन्यन, यलोस्टोनसारख्या ११ गर्दीच्या उद्यानांत १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या माणसाला नेहमीच्या प्रवेशावर आणखी १०० डॉलर. तरी चौघांना डिस्नेच्या एका दिवसापेक्षा स्वस्तच, पण जुना आकडा धरून निघू नका.

ई-१०२ भाऊ: 👍 बरं झालं सांगितलंत.

ए-१०३ वहिनी: सगळ्यांचे आभार 🙏 असं ठरतंय: तीन दिवसांचं तिकीट, एकाआड एक. मॅजिक किंगडम, हॉलिवूड स्टुडिओज, ॲनिमल किंगडम. मल्टी पास फक्त पहिल्या दिवशी. निघायचं आठवडाभर आधी, शाळेशी बोलून बघते. पार्क हॉपर, म्हणजे एकाच दिवशी दुसऱ्या पार्कमध्येही जायची सोय, घ्यावा का?

बी-६०४ दादा: तीन दिवसांत तीन पार्क असतील तर नको. एका पार्कमधून दुसऱ्यात जायला तास-दीड तास सहज जातो, आणि त्या तासाचे पैसे तुम्ही आधीच भरलेले असतात.

सी-२०१ ताई: एक राहिलंच. धाकट्याची उंची मोजा, बूट घालून, कारण तिथेही बुटांसकट मोजतात. स्पेस माउंटन राइडला ११२ सेंटिमीटर लागते, ट्रॉन राइडला १२२. ज्या राइडसाठी पास घेताय तिथेच मूल उंची मोजायच्या दांड्याखाली राहिलं तर काही उपयोग नाही. तसं झालंच तर रायडर स्विच मागा: एक पालक मोठ्याला घेऊन जातो, दुसरा धाकट्याजवळ थांबतो, आणि नंतर त्याला पूर्ण रांग लावावी लागत नाही. त्याचे पैसे नाहीत. फक्त रांगेत शिरायच्या आधी, दारातच सांगायचं.

ए-१०३ वहिनी: मोजली. बुटांसकट १२१ 🤦‍♀️

बी-४०२ काका: डिसेंबरला चार महिने आहेत वहिनी. नोव्हेंबरात पुन्हा मोजा.